उतरवलेलं निशाण

मॅरो पॉइंटच्या नाक्यावरच्या शिपायाने डेलिमा थिबोचा पास उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "दोन नावं आहेत यावर. नवरा कुठाय?"

"मेला," डेलिमा म्हणाली.

ती हे अशा सुरात म्हणाली की शिपायाला आधी वाटलं, बाई नवऱ्याला शिवी घालतेय. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. घाईघाईने टोपीला हात लावून त्याने दोरी खाली केली. तसं त्याचं पहिलं वाटणंही चुकीचं नव्हतं.

वादळ होऊन दोन आठवडे झाले होते आणि डेलिमा नवऱ्याला, ओमेरला, रोज मनातल्या मनात शिव्या घालत होती. गिरणीच्या रिंगखात्यात, सूत कातणाऱ्या चात्यांच्या घरघरीत घालत होती, चर्चमध्ये गुडघे टेकून घालत होती. त्याला पुरलं त्या दिवशी अख्खं गिरणीगाव हमसाहमशी रडत होतं आणि ही कोरडी ठणठणीत उभी. बिचारीला धक्का बसलाय, असं लोक म्हणाले. धक्का कसला डोंबलाचा? संताप होता तो, आणि त्या संतापाच्या जोरावरच ती दोन आठवडे उठत, बसत, जेवत होती.

भांडण साधंच होतं, दर वर्षीचं. सुट्टी संपलेली, सोमवारी दोघांची पाळी, आणि ओमेर म्हणत होता की मासा लागलाय, आणखी आठवडाभर राहू. बिनपगारी. डेलिमाने तोंडाचा पट्टा सोडला. ओमेरने भांडण मिटवायची आपली नेहमीची युक्ती केली. तीस वर्षं साचाखात्यात, मागांच्या खडखडाटात काढून त्याचे कान गेलेले होते. त्याने कानातलं यंत्र काढलं, खिशात टाकलं आणि तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत मिश्कील हसत बसला. ते हसू तिला झोंबलं. शुक्रवारची संध्याकाळ होती, पाऊस होता. तिने बॅग गाडीत फेकली, ओसरीवरच्या काठीचं निशाण खसकन खाली ओढलं, सीटवर टाकलं आणि एकटीच गावाकडे निघून गेली. तुला राहायचं तर राहा, माझ्यापुरतं घर बंद, असं ती ओरडली होती. ते त्याला ऐकू आलं नाही हे उघडच आहे.

शनिवारी दुपारी समुद्र पॉइंटवरून आरपार गेला.

आणि त्या रात्री गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये, ओल्या घोंगड्यांत गुरफटलेल्या माणसांच्या गर्दीत, अर्सेनने तिला गाठून सांगितलं होतं, "वहिनी, सांगून सांगून थकलो मी त्याला. म्हणाला, बायको गेली तर गेली, मी इथून हलत नाही." अर्सेन म्हणजे तिच्या नणदेचा, ब्लांशचा, नवरा. त्यांचं कॉटेज थिबोंच्या शेजारीच. तिसऱ्या दिवशी ओमेर खाजणात सापडला, असंही त्यानेच येऊन सांगितलं.

बायको गेली तर गेली. हे शब्द डेलिमा रात्रंदिवस चघळत होती. माणूस मरतो, नशीब त्याचं. पण मला धडा शिकवायला मरायचं? तेवढ्यासाठी? तिला एकच गोष्ट कळायला हवी होती. वारं सुटलं, पाणी दारात आलं, तेव्हा तरी त्याला यावंसं वाटलं होतं की नाही? ते सांगायला कुणी उरलं नव्हतं, आणि तरी ती आज बस पकडून आली होती.

पॉइंट ओळखू येत नव्हता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण आणि मधल्या वाळूच्या दांड्यावर गिरणीतल्या माणसांनी सुट्ट्यासुट्ट्यांत स्वतःच्या हातांनी बांधलेली साठेक कॉटेजं. त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उभी होती. एका टेकाडावर न्हाणीघरातला टब उताणा पडलेला होता आणि त्यात कुणाचा तरी ख्रिसमसचा तारा होता. जागोजागी फळ्यांचे ढीग जळत होते. लोक फावडी घेऊन आपल्याच अंगणात आपलं घर कुठे होतं ते शोधत होते. तिला पाहिल्यावर फावडी थांबत, टोप्या निघत, आणि ती पुढे गेली की मागे एकदम कुजबुज सुरू होई. हे तिच्या लक्षात आलं. विधवेबद्दल लोक कुजबुजणारच, असं तिने धरलं.

थिबोंच्या जागेवर खांबांचे खुंट होते. आणि निशाणाची काठी. घर गेलं, काठी मात्र ताठ.

पॉइंटवर प्रत्येक घराचं स्वतःचं निशाण असे, घरातल्या बाईने शिवलेलं. निशाण वर म्हणजे माणसं आहेत, या, बसा, कॉफी घ्या. खाली म्हणजे घर बंद, माणसं गावाला गेली. इथे कुणी कुणाचं दार वाजवत नसे. दार वाजवावं परक्यांनी; पॉइंटवाल्याने मान वर करून काठीकडे पाहायचं. सप्टेंबरातल्या कामगारदिनानंतरच्या शनिवारी, मागे राहिलेले पुरुष शिडी आणि फळ्या घेऊन निघत आणि ज्यांची निशाणं उतरलेली असत त्यांची दारं-खिडक्या हिवाळ्यासाठी ठोकून बंद करत. आपलं घर बंद करायलाही आपल्याला थांबावं लागत नाही, याचा इथल्या लोकांना भारी अभिमान होता.

"वहिनी! अगं कळवायचं तरी!" ब्लांश धावत आली. ताडपत्रीखाली तिने चूल मांडली होती आणि साफसफाई करणाऱ्यांसाठी घमेलंभर घेवडा डुकराच्या मांसात शिजत होता. "बस. आधी खा. किती वाळलीस तू! अर्सेन, वहिनी आलीय. ताट दे. ते नको, चिरलंय ते. बस गं."

"मी खायला आले नाहीये. घर बघायला आले."

"घर कुठलं आता," ब्लांश पळी ढवळत म्हणाली. "फळीसुद्धा नाही राहिली. आमचं हे अर्धं राहिलं तेही काय, माझी स्वयंपाकाची खोली गेली आणि यांचा कोपऱ्यात जावयासारखा बसलेला तो फोनोग्राफ मात्र राहिला. देव पण काय निवडून नेतो बघ."

"भाऊजी, काहीच नाही सापडलं?"

अर्सेनने ताट पुसायला घेतलं होतं, ते तो पुसतच राहिला. एरवी हा माणूस बोलायला लागला की त्याला आवरावं लागे. "नाही वहिनी. पलीकडे वगैरे जाऊ नका, चिखल फार आहे. माणूस कमरेपर्यंत रुततो."

"पलीकडे जाते म्हटलं का मी?"

"नाही, आपलं सांगून ठेवलं," तो म्हणाला आणि फावडं उचलून चालायला लागला.

ब्लांशने तिच्यापुढे ताट ठेवलं. डेलिमाने चार घास खाल्ले, कारण न खाल्ल्यास ब्लांशने भरवायलाही कमी केलं नसतं. तेवढ्यात खाजणाच्या काठाला एक होडी लागली. जसिंतो, पलीकडच्या काठाला राहणारा, शिंपल्या काढून विकणारा पोर्तुगीज. वादळाने त्याच्या बाजूला नेऊन टाकलेलं सामान तो रोज होडीत घालून आणायचा आणि वाळूवर मांडायचा. ज्याचं त्याने उचलावं. आज त्याने तीन खुर्च्या, एक घड्याळ आणि कुणाच्या तरी लग्नाचा फोटो आणला होता.

डेलिमा उठून तिकडे गेली. ब्लांश चुलीकडे वळलेली होती.

"थिबोबाई ना तुम्ही?" जसिंतोने टोपी काढली. "वाईट झालं, बाई. भला माणूस होता. माझ्याकडून आमिष घ्यायचा आणि पैसे देताना दर वेळी भांडायचा." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "घरातलं काही हवं असलं तर आजच काढा. उद्या जाळणार म्हणतात."

"कुठलं घर?"

"तुमचं. हिरव्या दाराचं. लव्हाळ्यात जाऊन बसलंय, आख्खंच्या आख्खं. तुम्हाला माहीत नाही?" जसिंतोच्या चेहऱ्यावर, आपण काहीतरी भलतंच बोललो, असं आलं. "मी आत गेलो नाही, बाई. मेलेल्याचं घर. आणि तुमच्या लोकांनी हात लावू नका म्हणून सांगितलंय."

डेलिमा होडीत बसली. जसिंतोने एकदा ताडपत्रीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि वल्हं उचललं.

घर खरंच होतं. एका अंगावर कललेलं, छपराशी लव्हाळी लागलेली, पण आपलं घर. ओमेरने वाकडी बसवलेली माळ्यावरची खिडकी तिने लांबूनच ओळखली. जवळ गेल्यावर तिला दिसलं की त्या खिडकीवर फळ्या ठोकलेल्या आहेत. खालच्या खिडक्यांवरही. हिरव्या दारावर तीन आडव्या फळ्या, नीट, एका रेषेत, हिवाळ्यात ठोकतात तशा. छपराला मात्र कुऱ्हाडीने भोक पाडलेलं होतं, माणूस आत उतरेल एवढं.

आधी तिला काही उमगलंच नाही. बंद घर दिसलं, आपण दर वर्षी सोडून जातो तसं. मग ती थबकली. हे घर बंद करायला कोणी सांगितलं होतं? यात तर माणूस होता.

"इथेच थांब," ती जसिंतोला म्हणाली. छपराचा उतार लव्हाळ्यापर्यंत आला होता. पन्नाशीची बाई, पण आयुष्यभर सूत ओढलेले हात. ती वर चढली आणि भोकातून माळ्यावर उतरली.

आत चिखलाचा आणि कुजल्याचा वास कोंदला होता. माळ्यावरच्या खुंटीला ओमेरची बॅग होती, पट्टा आवळून बांधलेली. तिने पट्टा सोडला. त्याचे शर्ट, दाढीचं सामान, आणि सगळ्यांत वर तिचा गिरणीतला एप्रन. भांडणाच्या भरात ती तो दाराआड विसरून गेली होती आणि सोमवारी दुसरीचा मागून वापरला होता. ओमेरने तो घडी करून ठेवला होता. घड्या त्याला कधीच धड जमल्या नव्हत्या, बाह्या नसलेल्या एप्रनालाही त्याने बाह्या असल्यासारखं दुमडलं होतं. खिशातली तिची कात्री टोचू नये म्हणून तिला चिंधी गुंडाळलेली होती.

बॅग रात्रीच भरून ठेवलेली; शनिवारची सकाळची बस पकडणार होता तो. यापेक्षा स्पष्ट कुणी सांगायला नको होतं.

ती जिना धरधरून खाली गेली. छपरातून येणारा उजेड दारापर्यंत जेमतेम पोचत होता. दार आतून फोडलेलं होतं. वरचं पॅनेल चुलीच्या सळईने कोचून कोचून आरपार काढलेलं, आणि त्याच्या मागे बाहेरची फळी. फळीवरही घाव होते. एका ठिकाणी ती चिरली होती, पण खिळे सुटले नव्हते. डेलिमाने त्या चिरेत बोट घातलं. बोटाच्या टोकाला बाहेरचा वारा लागला.

बाहेर दुसऱ्या होडीचं वल्हं वाजलं, मग पाण्यात कुणी उडी मारल्याचा आवाज आला आणि अर्सेनची हाक आली, "वहिनी! वहिनी, बाहेर या!"

"दार बंद आहे, भाऊजी," ती आतून म्हणाली.

दोघांच्या मधे ते हिरवं दार होतं आणि अर्सेन फळ्यांच्या पलीकडे धापा टाकत होता ते तिला ऐकू येत होतं.

"कोणी ठोकलं?"

"मी."

"तू?" भाऊजी आणि तुम्ही, दोन्ही एका क्षणात गळून पडलं. "आत माणूस असताना?"

"निशाण खाली होतं, वहिनी. गाडी नव्हती. आम्हाला वाटलं, दोघं गेलात रात्री. सकाळी रेडिओ ओरडत होता, वारं एवढं होतं की फळी धरायला दोघं लागत होते. म्हटलं, दादाचं घर आधी करू, स्वतःचं मग. मीच म्हटलं. तो झोपला असेल. यंत्र काढून झोपला की तोफेनेही उठायचा नाही, तुला माहीत आहे. तासाभरात आम्ही सगळे गाड्यांत होतो."

"मग ते काय होतं? बायको गेली तर गेली?"

"ते मी बनवलं."

"बनवलंस."

"असाच बोलला असता तो, असं वाटलं. हट्टी होताच की. हट्टाने राहिला म्हटलं की कुणाचा दोष नाही."

"तुझा दोष नाही!"

"तुझाही नाही," अर्सेन म्हणाला. "ब्लांशने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं तुला निशाण उतरवताना. तिनेच मला सांगितलं, डेलिमा निशाण काढून गेली, म्हणजे घर बंद करायचं. तिसऱ्या दिवशी आम्ही छप्पर फोडून आत उतरलो तेव्हा तो दाराशीच होता. सळई हातातून सोडवावी लागली. मग आम्ही ठरवलं, घरातून काढला हे बोलायचं नाही. तुला कळलं असतं तर तू जगली नसतीस."

डेलिमाने दाराला कपाळ टेकलं. आपण निशाण उतरवलं. तिला ते आठवत नव्हतं असं नाही. निशाण अजून तिच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पडलेलं होतं, रोज दिसायचं. पण राग इतका मोठा होता की त्यामागे ते झाकून गेलं होतं. आता राग कुणावर धरायचा? तो हट्टाने राहिला नव्हता. तो एप्रन घडी करून निघाला होता. दोन आठवडे तिने ज्या माणसाला शिव्या घातल्या तो माणूस या दाराशी सळई घेऊन उभा होता, आणि त्याला बाहेर यायचं होतं.

"हट्टच केला असता तर किती बरं झालं असतं रे," ती म्हणाली.

बाहेर अर्सेन रडत होता. पहाडासारखा माणूस, लहान पोरासारखा हुंदके देत होता.

"उघड," ती म्हणाली.

"वहिनी, छपरातून ये, मी हात देतो."

"छपरातून नाही. दार उघड."

त्याने जसिंतोकडून पहार घेतली. खिळे चांगले लांब होते, अर्सेन काम चोख करणारा माणूस. एकेक खिळा किंचाळत बाहेर आला. प्रत्येक खिळ्याला दार थरथरत होतं आणि डेलिमाने दोन्ही तळवे दारावर ठेवले होते. तिसरी फळी निघाली तेव्हा दार आपसूक आत आलं. ती बॅग घेऊन चिखलात उतरली. अर्सेनने हात पुढे केला. तिने तो धरला नाही, पण झिडकारलाही नाही.

परत येताना अर्सेन म्हणाला, "लोकांना काय सांगायचं?"

"खरं."

"तुझं नाव येईल त्यात."

"येऊ दे. तो हट्टाने मेला असं आता कुणी म्हणायचं नाही."

ब्लांश काठावर उभी होती. होडी निघालेली तिला दिसली असणार, कारण चूल तशीच जळत होती आणि घेवडा करपल्याचा वास इथवर येत होता. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग वहिनीच्या. मग बॅगेकडे. ती बॅग तिने ओमेरच्या पन्नासाव्या वाढदिवसाला दिलेली होती.

"सांगितलंस?" तिने अर्सेनला विचारलं.

त्याने मान डोलावली.

"सगळं?"

"सगळं."

"दादा निघाला होता, ब्लांश," डेलिमा म्हणाली. "बॅग भरून. सकाळच्या बसने येणार होता."

ब्लांशचा हात तोंडाकडे गेला आणि मधेच थांबला. "मग आता मी रडू ना?" ती म्हणाली. दोघांना मिळून विचारलं तिने, परवानगी मागावी तसं.

तेव्हा कुठे डेलिमाच्या ध्यानात आलं. दोन आठवडे ही बाई एकीला गावात डबे पाठवत होती आणि एकाला इथे वाढत होती. तिचा सख्खा भाऊ गेला होता. एकाने दार ठोकलं होतं, एकीने निशाण काढलं होतं, आणि पाहून सांगितलं होतं ते तिने स्वतः. नवऱ्यासमोर रडली असती तर त्याला वाटलं असतं, मला बोलतेय. वहिनीसमोर रडली असती तर बिंग फुटलं असतं. त्यामुळे ती रडलीच नव्हती. नुसती वाढत होती.

ब्लांश ओल्या वाळूत बसली आणि तिने असा टाहो फोडला की खाजणातली बगळ्यांची रांग उडाली. अर्सेन एक पाऊल पुढे झाला आणि थांबला. डेलिमाही तिथेच थांबली. ब्लांशला जवळ घ्यायचा हक्क आपल्याला उरलाय की नाही, हे दोघांपैकी कुणालाच ठरवता येईना.

फावडी टाकून माणसं धावत आली. काय झालं, काय झालं म्हणून गर्दी झाली, आणि मग एकेकाच्या लक्षात आलं आणि माणसं डेलिमाच्या नजरेला नजर द्यायची टाळू लागली. त्यात शिडी धरणारे होते, छप्पर फोडणारे होते. सगळ्यांनाच माहीत होतं तर.

तिने बॅग खाली ठेवली.

"ओमेर हट्टाने राहिला नव्हता," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "निशाण मी उतरवलं." एवढं बोलली, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली.